नगरची चिलखती रोल्स : जुन्या गाड्यांच्या खरेपणाची कहाणी

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेसाठी मुंबई, पुणे, नाशिक आणि वसई या भागांतून हजारो भाविक नगर जिल्ह्यात येतात. नोव्हेना, मिस्सा आणि माउलीचे दर्शन आटोपले की परतीच्या वाटेवर कित्येक कुटुंबे नगर शहरात थांबतात. २०२४ पासून शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले असले, तरी बोलण्यात अजून ‘नगर’च येते आणि या लेखातही आम्ही तेच वापरणार आहोत. मोठी माणसे भुईकोट किल्ला पाहू इच्छितात; मुलांचा हट्ट मात्र रणगाड्यांच्या संग्रहालयाचा असतो, आणि बहुधा मुलांचाच विजय होतो.

चिलखती दलाचे केंद्र व शिक्षणसंस्था नगरला आहे. तिच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते झाले. पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती वाहने तेथे उघड्या आवारात मांडलेली आहेत. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन आहे, ब्रिटिश चर्चिल आहे, जपानी रणगाडा आहे, आपला विजयंता आहे. मुले तोफांच्या नळ्या मोजीत पुढे पळतात. आम्ही मात्र दर खेपेस एका लहानशा वाहनापाशी रेंगाळतो. ते तेथील सर्वांत जुन्या वाहनांपैकी एक. त्याला पट्टे नाहीत, चाके आहेत. वर घुमटासारखा बुरूज आहे, सर्वांगावर पोलादी पत्रे आहेत. पण समोरच्या रेडिएटरचा आकार पाहून जाणकार चमकतो. ती रोल्स-रॉइस कंपनीची ‘सिल्व्हर घोस्ट’ आहे. भारतीय लष्करासाठी चिलखत चढविलेली.

एक उंची मोटार, जिला कोणीतरी मुळापासून बदलून वेगळ्याच कामाला जुंपले! तिला आता काय म्हणावे? मोटार की युद्धयंत्र? ती ‘मूळची’ आहे काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु जगातील जुन्या मोटारींच्या बाजारात, विशेषतः शर्यतीसाठी फेरफार केलेल्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत, याच प्रश्नावर लाखो पौंडांची उलाढाल होत आली आहे आणि माणसे न्यायालयाच्या पायऱ्या चढली आहेत. तो प्रश्न शेवटी आपल्या घरापर्यंत येऊन पोचतो, असे आम्हांस वाटते; म्हणून ही कहाणी.

जिच्यावर हे चिलखत चढले ती गाडी मुळात कशी होती, हे आधी पाहावयास हवे. रोल्स-रॉइस कंपनीने १९०६ च्या अखेरीस सहा सिलिंडरांची, ४०/५० अश्वशक्तीची नवी मोटार लोकांपुढे मांडली. पुढच्या वर्षी त्यांतील एका गाडीला चंदेरी रंग देऊन तिचे नाव ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे चंदेरी भूत, असे ठेवण्यात आले. इतकी शांत चालणारी गाडी म्हणजे जणू भूतच, असा त्यातला भाव. १९०७ मध्ये तिने परीक्षकांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० मैलांची दौड पुरी केली आणि तिचे नाव सर्व मालिकेला चिकटले. १९२६ पर्यंत या मालिकेच्या साडेसात हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

आपल्या महाराष्ट्राशी तिचा संबंध फार लवकर आला. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी ठेवण्यात आली होती. ६२० मैलांच्या त्या वाटेत सह्याद्रीचे सहा घाट होते. आजच्या डांबरी रस्त्यांवरून जाणाऱ्यांनी त्या काळच्या खडीच्या, वळणावळणाच्या, बैलगाड्यांनी भरलेल्या घाटांची कल्पना करून पाहावी. या कसोटीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचे मोती, असे नाव मिळालेली एक सिल्व्हर घोस्ट उतरली आणि जिंकली. त्यानंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. स्पर्धेत नाव कमावलेल्या गाडीला राजेरजवाड्यांचे गिऱ्हाईक मिळते, हा व्यापाराचा धडा कंपनीने येथे गिरविला. शर्यत ही जाहिरात होती आणि जिंकलेली गाडी हा माल होता.

युरोपातही तेच चालले होते. १९०७ मध्ये इंग्लंडातील ब्रुकलंड्स येथे केवळ मोटारींसाठी बांधलेला, वळणांवर उंच उतार दिलेला शर्यतमार्ग खुला झाला. अशा मार्गावर धावणाऱ्या गाडीला आरामशीर गाद्या आणि काचेच्या खिडक्या नकोत. तिचे अंग हलके हवे, इंजिन अधिक जोरकस हवे. सिल्व्हर घोस्टच्याच सांगाड्यावर हलके, निमुळते अंग बसवून ब्रुकलंड्स येथे ताशी १०१.८ मैलांचा वेग गाठण्यात आला. १९१२ मध्ये ऑस्ट्रियातील आल्प्सच्या स्पर्धेत एका चढावर ही गाडी अडून बसली, तेव्हा कंपनीने खालमानेने गिअरबॉक्स बदलला, तीनऐवजी चार गिअर दिले आणि पुढच्या वर्षी त्याच पर्वतांत यश मिळविले. म्हणजे गाडीत फेरफार करणे हा काही नंतरच्या शौकिनांचा चाळा नव्हे. तो मोटारीच्या जन्माबरोबरच आला.

मग १९१४ चे महायुद्ध आले. बेल्जममध्ये ब्रिटिश आरमाराच्या विमानदलाने मोटारींचा उपयोग टेहळणीसाठी आणि पडलेल्या वैमानिकांना उचलून आणण्यासाठी सुरू केला. त्यांना संरक्षण हवे म्हणून पत्रे ठोकण्यात आले; पुढे रीतसर चिलखती गाडीचा नमुना ठरला. सिल्व्हर घोस्टचा सांगाडा इतका मजबूत होता की स्प्रिंगा वाढविणे आणि मागे जोडचाके बसविणे यांपलीकडे यंत्रात फारसे काही बदलावे लागले नाही. वर चिलखताचे ओझे आले तरी इंजिन तेच राहिले. १९१६ च्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या नेतृत्वाखाली अशा गाड्यांच्या ताफ्याने वाळवंटात मजल मारून बीर हकीम येथे सेनुसी लोकांच्या कैदेत उपाशी पडलेल्या नव्वदहून अधिक खलाशांची सुटका केली. त्या सुटकेत पहारेकऱ्यांची हत्याही झाली, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. नांगराच्या फाळांपासून तलवारी घडविण्याचा तो काळ होता. यशया संदेष्ट्याने पाहिलेल्या स्वप्नाच्या नेमका उलटा.

त्या युद्धाचा फटका आपल्या मिशनलाही बसला आणि नगरचे नाव त्यात दोनदा येते. बोअर युद्धातील कैदी ज्या नगरात ठेवले गेले होते, तेथेच १९१४ नंतर भारतातील जर्मन नागरिकांची छावणी उघडण्यात आली. मुंबई-पुणे मिशन तेव्हा जर्मन येशूसंघीयांच्या हाती होते. नगर जिल्ह्यातील केंदळ, वळण, संगमनेर अशा ठिकाणी त्यांनी खेड्यापाड्यांत पायपीट करून धर्मग्रामे उभारली होती. केंदळ येथे असताना फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. ते १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. युद्धामुळे या सर्वांची वाताहत झाली. ज्यांनी येथील भाषा आपली मानली, त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून मायदेशी परतावे लागले. बिशप डोरिंग यांनाही आपल्या पीठापासून दूर राहावे लागले. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास आले. एकाच युद्धाने मोटारीवर चिलखत चढविले आणि खेड्यातील मेंढपाळ हिरावून नेला. संग्रहालयातल्या त्या गाडीपुढे उभे राहिले की आम्हांस या दोन्ही गोष्टी एकदम आठवतात.

नगरला असलेला नमुना ‘भारतीय नमुना’ म्हणून ओळखला जातो. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, व्हिकर्स कंपनीने भारतासाठी हे अंग घडविले. त्यात मशीनगनसाठी चार ठिकाणी सोय असलेला घुमटाकार बुरूज आहे. रोल्सचा सांगाडा महाग पडतो म्हणून पुढे लष्कराने स्वस्त क्रॉसली गाड्यांचा आश्रय घेतला. आयर्लंडलाही अशा काही चिलखती रोल्स मिळाल्या होत्या. २२ ऑगस्ट १९२२ रोजी मायकेल कॉलिन्स ज्या हल्ल्यात मारले गेले, त्या वेळी त्यांच्या ताफ्यात ‘स्लीव्ह ना मॉन’ नावाची अशीच गाडी होती. आयरिश सैन्याने ती स्मृतिचिन्ह म्हणून जपली. तिच्या इतर भगिनी १९५४ मध्ये विकून टाकल्या. आणि येथेच आपल्या मूळ प्रश्नाला तोंड फुटते. चिलखती गाडी विकत घेणाऱ्याला पोलादाचे पत्रे कशाला हवेत? त्याला हवा असतो तो खालचा सांगाडा. पत्रे उतरवून त्यावर पुन्हा उघड्या प्रवासी मोटारीचे देखणे अंग चढविल्याची उदाहरणे आहेत. चकाकणारी ती गाडी पाहून कोण म्हणेल की तिने कधी गोळ्या झेलल्या होत्या? विकणाऱ्याने सांगितले तरच कळणार.

शर्यतीच्या गाड्यांचा बाजार याच वाटेने वाढला. इंग्लंडमध्ये १९३४ साली जुन्या क्रीडा-मोटारींच्या शौकिनांनी आपली संस्था स्थापन केली. १९३० पर्यंतच्या गाड्या धावत्या ठेवाव्यात, शर्यतीत उतरवाव्यात, हा तिचा हेतू. त्या काळी जुनी गाडी म्हणजे भंगार. कोणालाही परवडावी अशी. हौशी माणूस एखादी थोराड, बंदिस्त मोटार घेई, तिचे अंग काढून टाकी, सांगाडा कापून आखूड करी, त्यावर ॲल्युमिनियमचे हलके अंग बसवी आणि दुसऱ्याच गाडीचे मोठे इंजिन घाली. अशा गाडीला तिकडे ‘स्पेशल’ म्हणतात. तिला लाज वाटण्याचे कारण नव्हते. ती बनविणाऱ्याच्या हातची कला होती आणि मालक ती अभिमानाने सांगत असे.

आपल्याकडेही हे घडले, मात्र गरिबीच्या रीतीने. चेन्नईजवळील शोलावरम येथे महायुद्धकाळातील धावपट्टी होती; १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे शर्यतींची परंपरा रुजविली. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होत. परदेशी शर्यती मोटार आणणे आयातीच्या निर्बंधांमुळे जवळजवळ अशक्य. मग कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट किंवा मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड घ्यायची, मागची सीट आणि काचा उतरवून वजन कमी करायचे, इंजिनाचे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, दोन कार्बोरेटर लावायचे, स्प्रिंगा खाली घ्यायच्या आणि चालकाच्या डोक्याभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करायचा. हे काम गल्लीतल्या मिस्त्र्यांनी केले. पुढे कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन वापरून एकट्या चालकाची शर्यती मोटार घडविली आणि कमी खर्चात तरुणांना शर्यतीचे दार उघडून दिले. त्यांचा १९९५ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. अशी शर्यती फियाट हंगाम संपला की दुसऱ्या खेळाडूच्या हाती जाई. तो तिचे इंजिन बदली, तिसरा अंग बदली. पाच मालकांनंतर त्या गाडीत पहिल्या गाडीचे काय उरे?

राजेरजवाड्यांच्या गाड्यांची कथा निराळी. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. त्याच्या आगेमागे अनेक संस्थानिकांच्या वाड्यांतील रोल्स, बेंटली आणि इतर उंची गाड्या मातीमोल भावाने विकल्या गेल्या. कित्येक परदेशी गेल्या. तबेल्यात कोंबड्यांनी घरटी केलेली मोटार विकताना मालकाला तिची किंमत ठाऊक नसे आणि घेणारा ती सांगत नसे. पुढे सरकारने अशा जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पण तोवर बरेच काही हातचे गेले होते.

आता त्या खटल्याकडे वळू. बेंटली कंपनीने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२४ मध्ये आणि पुन्हा १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे जिंकली. त्यांतील १९२९ आणि १९३० चे दोन विजय एकाच गाडीने मिळविले. ती ‘ओल्ड नंबर वन’. सहा सिलिंडरांचे साडेसहा लिटरचे इंजिन, आणि चालकांत कंपनीचा धनवान अध्यक्ष वुल्फ बार्नाटो. १९३१ मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती, आपले नाव पुढे न करता, एका मध्यस्थामार्फत विकत घेतली. गाडी मात्र शर्यतीत राहिली. तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविण्यात आले. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ती उंच वळणावरून बाहेर फेकली गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. मोडलेली गाडी दुरुस्त करून तिच्यावर बंदिस्त अंग चढविण्यात आले. पुढच्या मालकांनीही आपापल्या परीने तिला बदलले.

१९९० मध्ये तिच्या मालकाने ती एका कंपनीला १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. नंतर कंपनी मागे फिरली. तिचे म्हणणे असे की, जिने ल मान्स जिंकले ती ही गाडी नव्हेच. तिचे सुटे भाग एकेक करून केव्हाच बदलले गेले आहेत. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी सांगाडा, इंजिन, आस, अंग या सर्वांची तपशीलवार तपासणी केली. १९२९ च्या गाडीतील जवळजवळ काहीही शिल्लक नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागले. तरीदेखील त्यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. ही गाडी कधीच मोडीत निघून नाहीशी झाली नाही. एका दिवशी सारी बदलली असेही घडले नाही. शर्यतीमागून शर्यत, दुरुस्तीमागून दुरुस्ती, असा तिचा जीवनक्रम अखंड चालू राहिला आणि प्रत्येक बदल इतिहासाला ठाऊक आहे. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ होय, जरी तिला ‘मूळच्या भागांची’ म्हणता येणार नाही. असा त्या निर्णयाचा आशय आहे.

वाचकहो, या निर्णयाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, ज्यांची आपण नेहमी गल्लत करतो. मूळचे असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. न बदललेली गाडी मूळची. परंतु बदललेली गाडीदेखील खरी असू शकते. अट एवढीच की तिच्या बदलांची कहाणी तुटलेली नसावी आणि लपविलेली नसावी. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये मान्य केलेल्या तुरीनच्या सनदेतही हाच सूर आहे. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचा भाग मानावेत, आणि आता नव्याने जे काही केले जाईल ते लिहून ठेवावे.

आपल्याला ही कल्पना नवी का वाटावी? प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची नोंदवही असते. मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, धर्ममातापिता, तारीख, हे सर्व ओळीत लिहिलेले असते. परंतु तिच्या समासात आणखी काही लिहिलेले असते. दृढीकरण केव्हा झाले, विवाह कोठे व कोणाशी झाला, कोणी धर्मगुरू झाला असेल किंवा कोणी संन्यस्त जीवनाचे व्रत घेतले असेल, तर तेही. चर्चच्या कायद्याचीच तशी आज्ञा आहे. माणूस बदलतो, गाव बदलतो, केस पांढरे होतात, स्त्रीचे आडनाव बदलते. चर्च मूळची ओळ खोडत नाही आणि नंतरचा बदलही लपवीत नाही. दोन्ही एकाच पानावर ठेवते. म्हणून चाळीस वर्षांनी आलेला माणूस ‘तो मीच’ असे म्हणू शकतो. मोटारीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक ही तिची बाप्तिस्म्याची ओळ. दुरुस्त्यांच्या पावत्या, शर्यतींच्या याद्या आणि जुनी छायाचित्रे हा तिचा समास.

आणि जेथे समास कोरा ठेवला जातो, तेथे पाप शिरते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. ते विचारतात, विकणाऱ्याने मालाचा दोष सांगितलाच पाहिजे काय? त्यांचे उत्तर समतोल आहे. दोष उघड दिसत असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि विकणाऱ्याने त्या प्रमाणात किंमत कमी केली असेल, तर त्याने तो दोष डांगोरा पिटून सांगावा असे नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका पोचणार असेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे किंवा कोसळू पाहणारे घर भक्कम म्हणून विकणे, हे अन्यायाचे आहे. संत थॉमसच्या काळी मोटारी असत्या तर त्यांनी घोड्याऐवजी कशाचे उदाहरण दिले असते, हे सांगावयास नको. शर्यतीच्या गाडीत लपविलेला दोष केवळ पैशाचा नसतो. तडा गेलेला सांगाडा रंगाखाली झाकून विकला, तर पुढच्या वळणावर कोणाचा तरी मुलगा जीव गमावतो. तेथे सातवी आज्ञा मोडते, आठवी मोडते आणि पाचवीही.

आपल्या देशातील कायदा या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करून गाडी रस्त्यावर चालविता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ अधिक स्पष्ट केला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा मोटार त्यात येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे. क्रमांकाच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही किंवा धंद्यासाठीही नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. विकता येते, पण घेणाऱ्याने व देणाऱ्याने परिवहन खात्यास ९० दिवसांच्या आत कळवावे लागते. आणि महत्त्वाची अट ही की, तिचा सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

म्हणजे लंडनच्या न्यायालयाने खरी ठरविलेली ‘ओल्ड नंबर वन’ आपल्या नियमांच्या चौकटीत बसणे कठीण. आपली नगरची चिलखती रोल्सदेखील संग्रहालयातच बरी. आम्ही या कायद्याला दोष देत नाही. रस्ता सर्वांचा आहे, आणि वाहनाची सुरक्षितता कागदावर मोजता येईल अशीच हवी. हे मोजण्याचे कामदेखील नगरलाच चालते, हा योगायोग मोठा बोलका आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, चकलालाहून नगरला आली. तिच्या परिसराला वाहननगर असेच नाव पडले आहे. तेथील चाचणीमार्गांवर लष्करी आणि नागरी वाहने घासूनपुसून तपासली जातात आणि नियमांत उतरली तरच त्यांना मान्यता मिळते. एकाच शहरात एकीकडे जुनी बदललेली गाडी स्मृती म्हणून उभी आहे आणि दुसरीकडे नवी गाडी आपला खरेपणा सिद्ध करण्यासाठी चकरा मारीत आहे.

आपल्यापैकी कोणी १ कोटी पौंडांची बेंटली घेणार नाही. पण आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण आय.टी.आय. करून फिटर, टर्नर, वेल्डर झाले आहेत. कोणी गॅरेज चालवितो, कोणी टेम्पो, कोणी रिक्षा. जुनी गाडी घेणे आणि विकणे हा आपल्या घरांतला नेहमीचा व्यवहार आहे. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे किंवा पतपेढीचे कर्ज त्यात गुंतते. मीटर मागे फिरवून, अपघातात वाकलेली चासी ठोकून सरळ करून, वर डेंटिंग-पेंटिंग चढवून गाडी ‘एकहाती, घरगुती वापराची’ म्हणून विकली जाते, तेव्हा घेणाऱ्याच्या हाती आर.सी. बुक येते, पण गाडीची कहाणी येत नाही. पावत्या जपून ठेवणारा, कोणते इंजिन केव्हा बदलले ते वहीत लिहून ठेवणारा आणि विकताना ती वही गिऱ्हाइकाच्या हाती देणारा मिस्त्री हा आमच्या मते त्या लंडनच्या न्यायमूर्तींइतकाच सत्याचा सेवक आहे. त्याला चार पैसे कमी मिळतील. परंतु त्याने विकलेली गाडी घेऊन गेलेले कुटुंब रात्री सुखरूप घरी पोचेल.

शेवटी पुन्हा मिशनच्या कहाणीकडे. जर्मन फादर गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, स्विस येशूसंघीय आले, मग आपलेच मराठी धर्मगुरू आले. १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळे होऊन नाशिक धर्मप्रांत झाला आणि नगर जिल्हा त्याच्या छायेत आला. पहिले बिशप झाले थॉमस भालेराव. लॅटिन मिस्सा जाऊन मराठी आली, कौलारू चर्चच्या जागी सिमेंटची उभी राहिली. पहिल्या मिशनऱ्यांनी बांधलेले फारसे काही तसेच राहिले नाही. तरीही केंदळचा वृद्ध भाविक निःशंकपणे म्हणतो की, हे तेच चर्च आहे, ज्यात माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला. त्याला विटा मोजण्याची गरज वाटत नाही. नोंदवही आहे, आणि ती कोणी तोडलेली नाही.

पुढच्या यात्रेच्या वेळी आपण नगरला थांबलात, तर मुलांना त्या घुमटाच्या गाडीपाशी क्षणभर उभे करावे. तोफा त्यांनी पाहाव्यातच. पण ही गाडी एके काळी घाट चढून जिंकणाऱ्या जातीची होती, मग युद्धात गेली, आणि आता कोणालाही न मारता येथे उभी आहे, हेही त्यांना सांगावे.